गिटारवरचा डाग पुसण्याआधी: फिनिशचा रंग का बदलतो आणि त्यात स्टँड, पट्टा, कॅपो यांचा वाटा किती

अकॉस्टिक गिटारच्या अंगावर पिवळट, पांढुरका किंवा चिकट डाग दिसला की बहुतेक जण एकाच क्रमाने चुकतात. आधी ओले फडके फिरते, मग सॅनिटायझर किंवा स्पिरिट येते, त्यानंतर घरातल्या फर्निचरचे पॉलिश, आणि एवढे करून डाग पसरला की गिटार दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती पडते. डाग कशामुळे पडला हा प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारला जातो, पण तोवर त्याचे उत्तर देऊ शकणाऱ्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात. योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी फिनिश कोणते ते ओळखायचे, मग डागाचा आकार आणि जागा पाहायची, त्या जागी कोणती वस्तू टेकत होती ते शोधायचे, ती वस्तू दूर करून थांबायचे, आणि सफाईला सर्वांत शेवटी हात घालायचा.

लाकडावरच्या पारदर्शक थराला आणि बाटलीतल्या चमक आणणाऱ्या द्रवाला आपण सरसकट पॉलिश म्हणतो. पुढे गोंधळ नको म्हणून या लेखात थराला फिनिश आणि बाटलीतल्या द्रवाला पॉलिश म्हटले आहे.

## पूर्वतयारी

टेबलावर किंवा पलंगावर जाड टॉवेल पसरावा आणि नेकखाली, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याखाली, दुमडलेल्या टॉवेलचा आधार द्यावा. कडे, घड्याळ आणि पट्ट्याचे बक्कल काढून ठेवावे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सॅनिटायझर लावलेल्या हाताने गिटारला स्पर्श करू नये. धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे तीन-चार तुकडे, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, एक टॉर्च आणि फोनचा कॅमेरा एवढे साहित्य पुरते. पॉलिशची बाटली या टप्प्यावर खोलीत नसलेलीच बरी.

गिटारसोबत वापरात असलेली प्रत्येक वस्तू समोर मांडावी: स्टँड किंवा भिंतीवरचा हुक, पट्टा, कॅपो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा), क्लिपचा ट्यूनर (सूर जुळवायचे यंत्र), चिकटवायचा पिकअप (आवाज टिपणारे यंत्र), बॅग किंवा हार्ड केस, पुसायचे फडके, आणि केसच्या कप्प्यात पडून राहिलेल्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी. हा पसारा पुढे पुराव्याचे काम करतो.

त्यानंतर फोटो. एक फोटो खिडकीच्या उजेडात समोरून घ्यावा आणि दुसरा टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून घ्यावा. तिरप्या उजेडात फिनिशमधला खोलगटपणा, सुरकुती आणि मंदपणा स्पष्ट दिसतो; समोरच्या उजेडात यातले काहीच दिसत नाही.

तपासणी: फोटो काढून होईपर्यंत डागाला बोट, नख किंवा कापड लागलेले नसावे.

## टप्पा १: फिनिश कोणते ते ठरवा

हा टप्पा गाळला जातो, आणि पुढच्या निम्म्या चुका त्यामुळेच होतात. एकच वस्तू एका फिनिशला काहीही करत नाही आणि दुसऱ्याचा चिखल करते.

बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य कमी आणि मध्यम किमतीच्या गिटारांवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. हा थर रासायनिक क्रियेने कडक होतो आणि एकदा कडक झाल्यावर पुन्हा विरघळत नाही. टेलर कंपनीच्या गिटारांवर अतिनील प्रकाशाने कडक केलेले पॉलिएस्टर असते. तेही याच गटातले. रबर, घाम आणि सौम्य द्रावके (विरघळवणारे द्रव) यांना हे फिनिश चांगले तोंड देते.

दुसरा गट नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. फर्निचरचे कारागीर ज्याला एनसी म्हणतात त्याच कुळातले हे फिनिश मार्टिनच्या स्टँडर्ड मालिकेतल्या चकचकीत गिटारांवर आणि गिब्सनच्या अकॉस्टिक गिटारांवर आढळते. त्यातले द्रावक उडून गेल्यामुळे ते वाळते, म्हणून योग्य द्रावक पुन्हा भेटले तर कित्येक वर्षांनंतरही ते मऊ पडू शकते. गिटारच्या सामानामुळे पडणाऱ्या डागांच्या बहुतेक तक्रारी याच फिनिशच्या असतात.

तिसरा गट लाखेचा, म्हणजे फ्रेंच पॉलिशचा. हाताने बनवलेल्या काही क्लासिकल गिटारांवर तो असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावलेली असते, त्यामुळे स्पिरिट आणि सॅनिटायझर हे तिचे उघड शत्रू आहेत. ओल आणि उष्णताही तिला सोसत नाही.

मॅट किंवा सॅटिन फिनिश हा वेगळा रासायनिक गट नाही. वरीलपैकी कोणतेही फिनिश चमक मारून मॅट केलेले असू शकते. परंतु त्याचे दुखणे वेगळे आहे. जिथे हाताचे कोपर किंवा पट्टा सतत घासतो तिथे ते चकाकू लागते, आणि हा चकाकणारा भाग लोक डाग समजून आणखी घासतात.

ओळख पटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे साउंडहोलमधून आत पाहून लेबलवरचा मॉडेल क्रमांक वाचणे आणि कंपनीच्या माहितीपत्रकात फिनिशची नोंद शोधणे. जुनी घेतलेली किंवा पुन्हा रंगवलेली गिटार असेल तर ही नोंद विश्वासाची राहत नाही. अशा वेळी गिटारच्या तळाशी असलेले पट्ट्याचे बटण काढून, त्याच्या वॉशरखाली झाकली जाणारी जागा निवडावी. कापसाच्या काडीचे टोक स्पिरिटने जेमतेम ओले करून तिथे दोन-तीन सेकंद टेकवावे. जागा चिकट झाली तर लाख आहे. काहीच झाले नाही तर नव्या काडीने तेवढाच एनसी थिनर टेकवावा. आता चिकटपणा आला तर लॅकर आहे, आणि तरीही काही झाले नाही तर बहुधा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर.

इशारा: ही चाचणी दर्शनी भागावर कधीही करू नये. बटणाच्या जागी पिकअपचा जॅक बसवलेला असेल तर तो खोलण्याच्या भानगडीत न पडता गिटारवर नायट्रो लॅकर आहे असे गृहीत धरून पुढे जावे. शंका असेल तिथे नाजूक फिनिशचेच नियम पाळायचे.

## टप्पा २: डाग वाचा

डागाचा रंग, कडा आणि स्पर्श या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. स्पर्श बोटाच्या मागच्या बाजूने, हलका आणि एकदाच करावा.

जागा मऊ किंवा चिकट लागते, तिच्यावर कापडाचा पोत उमटला आहे आणि कडा एखाद्या वस्तूच्या कडेसारखी रेखीव आहे, तर तिथे रबर, फोम किंवा व्हिनाइल टेकत होते. लवचीक पीव्हीसीला मऊपणा देण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव मिसळलेले असते. ते कालांतराने बाहेर झिरपते, लॅकरमध्ये शिरते आणि त्यालाही मऊ करते. इथे रंग बदलणे हे नंतरचे लक्षण आहे. मुळात थराची घडणच बिघडलेली असते.

दुधाळ, ढगासारखा आणि अस्पष्ट कडांचा डाग ओलीकडे बोट दाखवतो. लॅकर आणि लाख या दोन्हींत ओल अडकली की असा पांढुरकेपणा येतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये माळ्यावर ठेवलेली केस उघडल्यावर दिसणारे पांढरे-हिरवट ठिपके बहुतेक वेळा बुरशीचे असतात. दोन्हींतला फरक सोपा आहे: बुरशी कोरड्या कापडाने उचलली जाते, ओलीचा ढग थराच्या आत असल्यामुळे जागचा हलत नाही.

पुढच्या फळीवर सर्वत्र सारखा पिवळेपणा आला असेल तर तो डाग नव्हे. स्प्रूस लाकूड उजेडाने मधाळ होते आणि नायट्रो लॅकर वयाबरोबर पिवळे पडते. या पार्श्वभूमीवर एखादी फिकट आकृती दिसली, उदाहरणार्थ जुन्या स्टिकरची किंवा काढलेल्या पिकगार्डची (साउंडहोलशेजारच्या ओरखडे रोखणाऱ्या पट्टीची), तर तिथे काही बिघडलेले नाही. तेवढ्या भागाला उजेड मिळालेला नाही एवढेच.

हात टेकतो त्या वरच्या कडेला आणि नेकच्या पाठीवर राखाडी-काळसर थर जमतो तो घाम, त्वचेचे तेल आणि धूळ यांचा. धातूच्या बटणाभोवतीचा हिरवट गंज वेगळा, आणि निळा, लाल किंवा तपकिरी रंग सुती कपड्यातून, जीन्समधून किंवा रंगवलेल्या चामड्यातून उतरलेला वेगळा.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढता आले पाहिजे: डाग कुठे, कोणत्या आकाराचा, मऊ की कडक, थराच्या वर की आत.

## टप्पा ३: डागाच्या जागेवरून वस्तू शोधा

आता समोर मांडलेल्या सामानातली एकेक वस्तू गिटारजवळ नेऊन ती नेहमी जिथे टेकते तिथे धरून पाहावी. फिनिशला टेकवू मात्र नये. डागाचा आकार वस्तूच्या आकाराशी जुळतो का, एवढेच तपासायचे आहे.

स्टँड. तळाच्या कडेला, बटणाच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर दोन आडवे पट्टे असतील तर ते स्टँडच्या खालच्या दोन हातांचे आहेत. नेकच्या पाठीवर इंग्रजी यू अक्षराच्या तळासारखी खूण असेल तर ती वरच्या आधाराची. या नळ्यांवर बहुधा काळा फोम किंवा रबर चढवलेले असते. जवळून पाहिले तर अशा खुणेची मधली बाजू मंद आणि किंचित दबलेली असते, कडेला लॅकर बाजूला सरून बारीक उंचवटा तयार झालेला असतो, आणि फोमचे काळे कण त्यात रुतलेले दिसतात. हे कण नखाने उकरण्याचा मोह होतो. तो टाळावा, मऊ लॅकरमधून कण निघताना लॅकरचा पापुद्राही सोबत निघतो. काही स्टँडच्या सूचनापत्रकात नायट्रो फिनिशसाठी वापरू नये अशी बारीक अक्षरातली ओळ असते. ती खरेदीआधी वाचावी.

भिंतीवरचा हुक. इथे हेडस्टॉकच्या (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या) खाली दोन्ही बाजूंना खुणा पडतात. गिटारचे सगळे वजन त्या दोन बिंदूंवर असल्यामुळे दाब जास्त असतो. शिवाय हुक पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर ऊन आणि रबर यांचा दुहेरी परिणाम होतो.

पट्टा. वाजवताना पट्टा क्वचितच फिनिश बिघडवतो. बिघडवतो तो ठेवताना. गिटार केसमध्ये टाकताना पट्टा तसाच पुढच्या फळीवर किंवा पाठीखाली दुमडून राहतो, आणि त्याची व्हिनाइलची बाजू महिनोन्महिने लॅकरला चिकटून राहते. रंगवलेले चामडे घामाने ओले झाल्यावर रंग सोडते. पट्ट्याचे टोक रबराच्या लॉकने अडकवले असेल तर त्या लॉकखालची जागाही पाहावी.

कॅपो आणि ट्यूनर. वाजवून झाल्यावर कॅपो नेकवर किंवा हेडस्टॉकवर लावून ठेवण्याची सवय जवळपास प्रत्येकाला असते. स्प्रिंगचा दाब आणि रबराचा संपर्क चोवीस तास चालू राहतो, त्यामुळे नेकच्या पाठीवर आडवी खूण पडते. क्लिपच्या ट्यूनरची छोटी चौकोनी गादी हेडस्टॉकवर असेच करते.

चिकटणाऱ्या वस्तू. पिकअपची पुट्टी, पिकगार्डचा दुहेरी चिकट थर, हाताचा आधार, सक्शन कप आणि स्टिकर यांत डिंक आणि प्लास्टिक दोन्ही असतात. पॉलिएस्टरवर फक्त डिंक उरतो. नायट्रोवर डिंकासोबत फिनिश उचलले जाऊ शकते.

आर्द्रता देणारी साधने. साउंडहोलमध्ये अडकवायचा स्पंज किंवा रबरी नळी नीट पिळली नाही तर पाणी ठिबकते आणि साउंडहोलच्या कडेला दुधाळ ओघळ उमटतो. पावसाळ्यात आमच्याकडे नाशिकमध्ये या साधनाची गरजच नसते, तरीही ते केसमध्ये राहून जाते.

केसमधल्या गोष्टी. आपल्या घरांत कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या किंवा कापराच्या वड्या ठेवायची पद्धत आहे, आणि पावसाळ्यात वास येऊ नये म्हणून त्या गिटारच्या केसमध्येही जातात. कापूर हा नायट्रोसेल्युलोजला मऊ करणारा जुना आणि सिद्ध पदार्थ आहे. या दोघांच्या मिश्रणातूनच सेल्युलॉइड तयार होते. बंद केसमध्ये कापूर ठेवणे म्हणजे लॅकरला हळूहळू मऊ करण्याची व्यवस्था करणे होय. डांबरगोळ्यांची वाफही काही प्लास्टिकना आणि राळयुक्त थरांना मऊ करते. दोन्ही काढून टाकावे. सामानामुळे पडणाऱ्या डागांत मला हेच कारण सर्वांत दुर्लक्षित वाटते, कारण त्यात वस्तू गिटारला कुठे टेकतच नाही आणि डागाला कोणताही आकार नसतो. सगळे अंगच जरा चिकट लागते.

अंगावरचे पदार्थ. सनस्क्रीन, अत्तर आणि डास पळवणारे मलम हे सामान नसले तरी वाजवणाऱ्याच्या हातावरून गिटारवर उतरतात. डीट हे डास पळवणारे रसायन असलेली मलमे प्लास्टिक आणि लॅकर दोन्ही मऊ करतात. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठी संध्याकाळी मैफल जमवायची तर मलम पायांना लावावे आणि उजव्या हाताच्या कोपराखाली पूर्ण बाहीचा सुती सदरा असावा.

रबर संशयास्पद आहे का, याची घरगुती चाचणी. जुन्या सीडीच्या पारदर्शक कडक डबीचे झाकण घ्यावे. ते सहसा पॉलिस्टायरीनचे असते आणि प्लास्टिसायझरमुळे लवकर खराब होते. स्टँडचे रबर, पट्ट्याचे टोक आणि कॅपोची गादी त्यावर ठेवून वर पुस्तकाचे वजन द्यावे आणि घरातल्या उबदार जागी दोन आठवडे तसेच सोडावे. झाकणावर मंद, चिकट किंवा तडे गेलेली आकृती उमटली तर ती वस्तू नायट्रो लॅकरजवळ नेऊ नये. काही उमटले नाही तर ती वस्तू निर्दोष ठरली असे मात्र समजू नये. चाचणी दोषी पकडते, निर्दोषाला प्रमाणपत्र देत नाही.

## टप्पा ४: संपर्क तोडा आणि थांबा

वस्तू सापडली की ती बाजूला करावी आणि डागाला काहीही न लावता गिटार अशी ठेवावी की त्या जागेला कशाचाही स्पर्श होणार नाही. चिकट डागासाठी दोन ते तीन आठवडे थांबावे. लॅकरमध्ये शिरलेले प्लास्टिसायझर थोडेफार उडून जाते आणि सौम्य प्रकरणांत पृष्ठभाग पुन्हा बराचसा कडक होतो. खूण उरते, पण ती कडक असते, आणि कडक खुणेवरच पुढचे काम करता येते.

दुधाळ डागालाही हाच न्याय. केस उघडी ठेवून, गिटार वारा खेळत्या कोरड्या खोलीत ठेवली की ताजा ढग कित्येकदा आपोआप विरतो. हेअर ड्रायर फिरवणे, एसीच्या थेट झोतात ठेवणे किंवा गच्चीवर उन्हात मांडणे या तिन्ही गोष्टी डागापेक्षा मोठे नुकसान करतात. लाकूड आणि फिनिश वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि बारीक तडे पडतात.

इशारा: चिकट जागेवर टाल्कम पावडर टाकू नये. ती थरात रुतून कायमची पांढरी होते.

## टप्पा ५: सफाई, सौम्यापासून पुढे

तारा बदलताना हे काम करणे सोयीचे. प्रत्येक पायरीनंतर थांबून पाहावे आणि डाग निघाला की तिथेच थांबावे.

पहिल्यांदा कोरडे मऊ कापड, दाब न देता, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. घामाचा राखाडी थर असेल तर त्या जागेवर तोंडाची वाफ सोडून लगेच पुसावे. एवढ्यानेही बराच थर निघतो. त्यानंतर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले कापड, आणि पाठोपाठ कोरडे कापड. गरज पडली तर पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकता येतो. पिकगार्डच्या कडा, ब्रिजच्या (फळीवर तारा अडकवायच्या पट्टीच्या) कडा आणि जिथे फिनिश झिजून उघडे लाकूड दिसते अशा जागी ओले कापड नेऊ नये. तिथे पाणी थेट लाकडात जाते आणि काळसर डाग धरतो.

स्टिकरचा किंवा टेपचा डिंक उरला असेल तर नॅफ्था, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या लायटरमध्ये भरायचे द्रव, कापडाला थोडेसे लावून वापरता येते. कडक झालेल्या लॅकरला आणि पॉलिएस्टरला ते सहसा धक्का लावत नाही, तरी आधी टप्पा १ मधल्या झाकलेल्या जागी खात्री करावी. नॅफ्था ज्वालाग्राही आहे. देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली असल्याशिवाय आणि खिडकी उघडल्याशिवाय बाटली उघडू नये.

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसण्याचे द्रव आणि टूथपेस्ट या गोष्टी या यादीत कुठेही नाहीत, आणि त्या विसरून राहिलेल्या नाहीत. फर्निचरच्या फवाऱ्याच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते. आज ते चमक देते, पण ते तड्यांत शिरून बसते आणि पुढे फिनिशची दुरुस्ती करायची वेळ आली की नवा थर त्या जागी धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी छिद्रे पडतात.

तपासणी: कापडावर पिवळसर किंवा तपकिरी रंग उतरू लागला तर मळ नव्हे, फिनिश निघते आहे. ताबडतोब थांबावे.

मॅट फिनिशवर कोणतेही पॉलिश लावू नये. चकाकलेली जागा पुन्हा मॅट करणे घरी जमणारे काम नाही. वाजवण्याची खूण म्हणून ती तशीच स्वीकारणे शहाणपणाचे.

## टप्पा ६: हळद, कुंकू आणि रंगपंचमी

खंडेनवमीला किंवा दसऱ्याला वाद्याची पूजा होते, आणि गिटारच्या वरच्या फळीवर बोटाने हळद-कुंकू लागते, वर झेंडूचे फूल येते. फूल ओले असते, त्याखाली हळद भिजते आणि दुसऱ्या दिवशी फूल उचलले की मध्ये पिवळा गोल आणि भोवती पाण्याची कड दिसते. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र चटकन विरघळतो, आणि म्हणूनच घरातले कोणीतरी स्पिरिट सुचवते. सुचवणाऱ्याचे रसायनशास्त्र बरोबर असते. फक्त स्पिरिटला हळद आणि लाखेचा थर यांत फरक करता येत नाही, आणि तड्यांत शिरलेली विरघळलेली हळद आणखी खोल जाते.

इथला क्रम असा: आधी सुकी पूड फुंकून आणि मऊ ब्रशने झटकून काढावी, कापडाने पुसू नये. मग घट्ट पिळलेल्या कापडाने एकदा टिपावे. उरलेला पिवळेपणा उजेडावर सोडावा, कारण हळदीचा रंग प्रकाशात फिका पडतो. खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा जागी काही दिवसांत फरक दिसतो. कुंकवात आता बहुधा कृत्रिम रंग असतो आणि तो असा उडून जाईलच असे नाही. पुढच्या वर्षी हळद-कुंकू केसला लावावे, किंवा गिटारशेजारी विड्याच्या पानावर वाहावे. पूजेत काही उणे राहत नाही.

रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी मारून आलेल्यांसाठी वेगळी सूचना: तो रंग अंगावर काही दिवस टिकतो आणि घामाबरोबर उतरत राहतो. तेवढे दिवस मॅट फिनिशची किंवा झिजलेल्या फळीची गिटार हातात घेऊ नये.

## टप्पा ७: सामान पुन्हा वापरात आणताना

फिनिश पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचे असेल तर स्टँड आणि हुक बेफिकीरपणे वापरता येतात. फक्त रंग उतरणारा पट्टा आणि धूळ खाल्लेला फोम बदलावा. नायट्रो किंवा लाखेसाठी मात्र नियम कडक ठेवावेत. गिटार वाजवत नसताना ती केसमध्ये असावी, आणि स्टँड फक्त वाजवण्याच्या मधल्या वेळेपुरता असावा. स्टँडच्या नळ्यांवर जाड सुती कापडाचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि ते दर काही महिन्यांनी बदलावेत, कारण प्लास्टिसायझर पातळ कापडातून आरपार येते. एका पातळ फडक्याने रबर झाकले म्हणजे काम झाले, हा समज घेऊन बसलेल्यांच्या गिटारवर कापडाच्या विणीची नक्षी उमटते.

पट्टा, कॅपो आणि ट्यूनर काम झाल्याबरोबर काढून केसच्या कप्प्यात किंवा वेगळ्या पिशवीत ठेवावेत. बबलरॅप किंवा प्लास्टिकची पिशवी थेट फिनिशवर गुंडाळू नये; दूर पाठवायची असेल तर आधी सुती चादर किंवा साधा पांढरा कागद, मग बबलरॅप.

हवामानाचा भाग थोडक्यात. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. नाशिकला एप्रिल-मेच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि पावसाळ्यात ८० च्या वर राहते. केसमध्ये एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या सुती पिशवीत घालून, फिनिशला न टेकता ठेवाव्यात. उन्हाळ्यात ओलावा देणारे साधन ठेवावे, पण ते लावण्यापूर्वी टिपकागदावर दाबून एकही थेंब येत नाही याची खात्री करावी. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत गिटार ठेवू नये. मुंबईच्या वाटेवर कसाऱ्यापलीकडे जेवायला थांबल्यावर डिकीत राहिलेल्या केसमधले तापमान रबर आणि लॅकर यांची एकमेकांत मिसळण्याची गती कितीतरी वाढवते, आणि त्याहून जास्त झाले तर ब्रिजचा सरसही मऊ पडतो.

काढलेल्या पिकगार्डची किंवा स्टिकरची फिकट आकृती भरून यायला महिने लागतात. ती जागा घासून किंवा उन्हात भाजून लवकर आणता येत नाही. घरातल्या साध्या उजेडात गिटार राहू द्यावी.

## टप्पा ८: कारागिराकडे कधी जायचे आणि काय सांगायचे

तीन-चार आठवड्यांनंतरही जागा चिकट आहे, लॅकर सुरकुतले आहे, पापुद्रा सुटला आहे, किंवा दुधाळ ढग तसाच आहे, तर काम घरचे राहिलेले नाही. लॅकरवरचा ढग योग्य द्रावकाचा अगदी हलका फवारा मारून घालवता येतो आणि कडक झालेली खूण अतिशय बारीक पॉलिशिंगने सपाट करता येते, परंतु थर किती पातळ आहे हे हाताला कळणाऱ्यानेच ते करावे.

जवळच फर्निचरला पॉलिश करणारा चांगला कारागीर असेल तरी पुढची फळी त्याच्याकडे देऊ नये. त्याचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) किंवा मेलामाइनचा थर टेबलासाठी योग्य असतो. कंप पावणाऱ्या पातळ फळीवर तो जाड पडतो आणि आवाज दबतो. शिवाय आधी पॉलिश पेपर मारण्याची त्याची पद्धत जुने फिनिश कायमचे घालवते.

गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे जाताना पूर्वतयारीत काढलेले दोन्ही फोटो, टप्पा २ मध्ये लिहिलेले वाक्य आणि संशयित वस्तू स्वतः सोबत न्यावी. आतापर्यंत डागावर काय काय लावले ते न लपवता सांगावे. विशेषतः सिलिकॉनचे पॉलिश एकदा जरी फिरले असेल तर ते आधी सांगावे, कारण त्याला पहिली सफाई त्यानुसार निवडावी लागते. दर ठरवण्यापूर्वी तो फक्त त्या जागेवर काम करणार आहे की संपूर्ण फळी पुन्हा फिनिश करणार आहे, हे विचारून घ्यावे. दुसरा पर्याय जुन्या चांगल्या गिटारची बाजारातली किंमत कमी करतो, म्हणून खूण फक्त दिसण्यापुरती आणि कडक असेल तर काहीही न करता गिटार परत आणणे हाही एक रास्त निर्णय आहे.